लढाई चालू असताना पंचनामा कोण करतं?

"लढाईत सगळं चालतं" हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते खरंच आहे असं वाटायला लागतं. पण ते खरं नाहीये. युद्धालाही कायदा आहे, १९४९ चे जिनिव्हा करार आहेत, जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी ते मान्य केलेत, भारताने पण केलेत आणि आपल्याकडे त्यासाठी १९६० चा वेगळा कायदासुद्धा आहे. सैनिकाने लढताना समोरच्या सैनिकाला मारलं तर तो खून नाही. पण ज्याने हात वर केले त्याला मारलं, सायकलवरून घरी चाललेल्या माणसाला गोळी घातली, कुणाला तळघरात कोंडून शॉक दिले, बाईवर अत्याचार केला, तर तो गुन्हा आहे, आणि वर्दीतल्या माणसाने बंदुकीच्या जोरावर केलाय म्हणून तर जास्तच गंभीर.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहिती असतं. प्रश्न त्याच्या पुढचा आहे, की गुन्हा आहे तर मग तपास कोण करतं? आपल्या डोळ्यासमोर लगेच हेगचं आंतरराष्ट्रीय कोर्ट येतं, काळे झगे घातलेले जज, काचेच्या मागे बसलेला जनरल. पण त्या कोर्टात जे कागद पोचतात ते आधी कोणीतरी चिखलात गुडघ्यावर बसून लिहिलेले असतात, आणि तो कोणीतरी बहुतेक वेळा जिल्ह्याच्या ठाण्यातला साधा तपास अधिकारी असतो, ज्याने कालपर्यंत मोबाइल चोरी, दारूच्या भांडणातले खून आणि रस्त्यावरचे अपघात बघितलेले असतात. त्याने पहिल्या दिवशी जे लिहिलं नाही ते दहा वर्षांनी कुठलाही मोठा वकील परत आणू शकत नाही. म्हणून हा लेख त्या पोलिसाबद्दल आहे. उदाहरण युक्रेनचं घेतोय, कारण युद्ध चालू असतानाच पोलिसांनी एवढ्या मोठ्या प्रमाणावर तपास केल्याचं इतकं सविस्तर चित्र आपल्याला दुसरीकडे क्वचितच मिळतं, आणि २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये खारकीव्ह आणि कीव्हमधून महाराष्ट्रातली एमबीबीएसची पोरं परत आली होती, तेव्हा ही गावांची नावं आपल्याकडच्या कितीतरी घरांत रोज घेतली जात होती.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने मोठा हल्ला केला. कीव्हच्या वायव्येला बुचा नावाचं छोटं शहर आहे, मुंबईला जसं बदलापूर-अंबरनाथ तसं म्हणा, नोकरदार लोक राहणारं. तिथे मार्चभर रशियन सैन्य होतं आणि महिना संपताना ते निघून गेलं. त्यानंतर आत गेलेल्या लोकांना याब्लुन्स्का नावाच्या रस्त्यावर प्रेतं दिसली, काहींचे हात मागे बांधलेले. चर्चच्या आवारात लोकांनी नाइलाजाने खणलेला एक चर होता, त्यात शंभरावर मृतदेह निघाले. घरांच्या परसात, बागेत, जिथे जमलं तिथे शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना पुरलं होतं. एकट्या बुचात चारशेच्या वर आणि सगळ्या कीव्ह प्रांतात मिळून १३०० च्या वर मृतदेह मिळाले.

आता त्या तपास अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. एका खुनाच्या तपासाला एरवी एक टीम लागते, फोटोग्राफर, फॉरेन्सिकवाला, डॉक्टर, पंच. इथे एका दिवसात डझनावारी मृतदेह, लाइट नाही, नेटवर्क नाही, शवागारं भरलेली, बाहेर फ्रीजरचे ट्रक उभे आणि दारात नातेवाईक उभे की आमचा माणूस द्या, आम्हाला त्याला नीट पुरायचंय. आणि हात लावायच्या आधी सुरुंग काढणाऱ्यांना, म्हणजे सॅपरना, बोलवायचं, कारण घरात, दारात, कधी मृतदेहाजवळही स्फोटक असू शकतं. साधा क्रम आहे पण तो शिकावा लागतो, की आधी सॅपर, मग फोटो, मग जागेचं माप आणि जीपीएस, मग नंबर, मग पिशवी. घाईत पिशवी आधी भरली की तो माणूस कुठे, कसा, कोणत्या दिशेला तोंड करून पडला होता हे कायमचं गेलं.

युक्रेनच्या दंडसंहितेत कलम ४३८ आहे, युद्धाचे कायदे आणि रिवाज मोडण्याबद्दलचं. कायद्याप्रमाणे ह्या कलमाचा तपास मुळात तिथल्या सुरक्षा सेवेचा, म्हणजे गुप्तचर खात्याचा. पण गुन्ह्यांचा आकडा २०२३ मध्येच एक लाखाच्या पुढे गेला, तो एका खात्याला झेपणं शक्यच नव्हतं, मग प्रॉसिक्युटरच्या, म्हणजे सरकारी वकिलाच्या, ऑफिसने मोठा भार राष्ट्रीय पोलिसांकडे दिला. हे पोलीस दल २०१५ मध्ये नव्याने उभं केलेलं, आधीच्या 'मिलित्सिया'वर, म्हणजे जुन्या पोलीस दलावर, लोकांचा विश्वासच नव्हता, मारहाण आणि लाचखोरी यासाठी ती बदनाम होती. म्हणजे विचार करा, सात वर्षांचं दल, अजून स्वतःची सुधारणा चालू आहे आणि अंगावर हे आलं.

पोलिसांची क्षमता वाढवणं म्हटलं की लोकांना वाटतं गाड्या द्या, लॅपटॉप द्या, ड्रोन द्या. ते लागतंच. एप्रिल २०२२ मध्ये फ्रान्सच्या जॉन्दार्मरी ह्या लष्करी पोलीस दलाचे फॉरेन्सिकवाले फिरती डीएनए लॅब घेऊन बुचात पोचले होते आणि त्याचा फार उपयोग झाला. पण माझ्या मते खरी गोष्ट आहे विचार करायची पद्धत बदलण्याची, आणि ती सामानापेक्षा कितीतरी अवघड आहे.

साध्या खुनात पोलीस विचारतो कोणी मारलं आणि का मारलं. युद्धगुन्ह्यात तेवढं पुरत नाही. समजा एका इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं आणि तीस माणसं गेली. भयंकर आहे, पण कायद्याने तो गुन्हा आहे का हे ठरवायला आणखी बरंच काही लागतं, जवळपास लष्करी ठिकाण होतं का, शस्त्र कोणतं होतं, ते नेम धरून मारता येणारं होतं का, लोकांना सावध केलं होतं का, हुकूम देणाऱ्याला काय माहिती होतं. म्हणून पंचनाम्यात काय होतं ह्याच्याबरोबर काय नव्हतं हेही लिहायचं असतं. आजूबाजूला खंदक नव्हते, लष्करी गाड्या नव्हत्या, दारूगोळ्याच्या पेट्या नव्हत्या, असं. आणि जर होते, शेजारच्या शाळेत आपलेच सैनिक मुक्कामाला होते, तर तेही लिहायचं, कितीही टोचलं तरी. ही सवय कोणालाच आपसूक नसते. स्वतःच्या गावावर बॉम्ब पडलेल्या माणसाला तर अजिबात नसते, आणि त्याच्याकडूनच आपण ती अपेक्षा करतोय.

इझ्युमचं उदाहरण बघा. खारकीव्ह प्रांतातलं हे शहर सप्टेंबर २०२२ मध्ये परत युक्रेनच्या हातात आलं तेव्हा तिथल्या पाइनच्या जंगलात चारशेच्या वर थडगी सापडली, लाकडी क्रॉस, बऱ्याच क्रॉसवर नाव नाही, नुसता नंबर. बातम्यांत आलं की सामूहिक कबर आणि वाचणाऱ्याला वाटलं सगळ्यांना ओळीत उभं करून मारलं. उकरून बघितल्यावर चित्र वेगवेगळं निघालं. काही जण ९ मार्चला एका रहिवासी इमारतीवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात गेलेले, त्या एका इमारतीतच चाळीसच्या वर माणसं मेली होती, काहींना गोळ्या लागलेल्या, काहींच्या हातांना दोर, छळाच्या खुणा, काही युक्रेनचेच सैनिक, आणि काही नुसते म्हातारे-आजारी, ज्यांना त्या दिवसांत औषध मिळालं नाही. म्हणजे प्रत्येक नंबर वेगळी केस. सगळ्यांना एकच शिक्का मारला तर बचावाचा वकील एका चुकीच्या केसवरून उरलेल्या सगळ्यांवर शंका उभी करतो, आणि ज्याचे हात खरंच बांधलेले होते त्याच्यावर तो अन्याय होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने डिसेंबर २०२२ मध्ये कीव्ह, चेर्निहिव्ह आणि सुमी ह्या तीन प्रांतांबद्दल अहवाल काढला. सुरुवातीच्या सहा आठवड्यांतल्या ४४१ नागरिकांच्या हत्या त्यांनी नोंदवल्या आणि त्यातल्या १०० च खोलात तपासल्या. सापडलेले मृतदेह १३०० च्या वर आणि इथे आकडा इतका कमी का, असं कोणी विचारेल. कारण मिळालेला मृतदेह आणि बेकायदा ठार मारल्याची पक्की नोंद यांच्यात एवढं अंतर असतं. ते अंतर कमी करणं हेच तर पोलिसाचं काम.

ह्या कामासाठी जगात काही मार्गदर्शक कागद तयार आहेत, नावं शहरांची आणि राज्यांची असल्यामुळे गोंधळायला होतं म्हणून एकेका वाक्यात सांगतो. मिनेसोटा प्रोटोकॉल, संशयास्पद मृत्यूचा तपास कसा करायचा त्याचा. इस्तंबूल प्रोटोकॉल, छळाच्या खुणा डॉक्टरने आणि पोलिसाने कशा नोंदवायच्या त्याचा. बर्कली प्रोटोकॉल, हा २०२० चा, इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि फोटो कोर्टात टिकतील असे कसे जपायचे त्याचा. ठाण्यातल्या अधिकाऱ्याला हे जाडजूड पीडीएफ पाठवून काही होत नाही, त्याला सोबत उभं राहून दाखवावं लागतं. युरोपियन युनियनचं सल्लागार मिशन युक्रेनमध्ये २०१४ पासूनच होतं, त्याच्या कामात एप्रिल २०२२ मध्ये युद्धगुन्ह्यांच्या तपासाला मदत करणं अधिकृतपणे जोडलं गेलं. मे २०२२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि युरोपियन युनियनने मिळून वेगळा सल्लागार गट केला. पोलंड, लिथुआनिया आणि युक्रेनने मार्च २०२२ मध्येच संयुक्त तपास पथक काढलं होतं, एप्रिलमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे प्रॉसिक्युटरही त्यात आले. ह्याचं कारण साधं आहे, साक्षीदार पळून पोलंडला गेलेत, मग त्यांचा जबाब तिथलाच पोलीस घेणार ना, आणि तो जबाब कीव्हच्या कोर्टात चालला पाहिजे.

पण मदतीचा एक त्रासही होतो आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोललं पाहिजे. मोठी घटना झाली की तिथे पोलीस येतात, प्रॉसिक्युटर येतात, पत्रकार येतात, संस्था येतात, परदेशी तपासनीस येतात, आणि प्रत्येकजण त्याच बाईला विचारतो की तुझ्यावर काय झालं ते सांग. दर वेळी सांगताना ती पुन्हा त्यातून जाते, आणि दर वेळी शब्द थोडे बदलतात, तेच मग कोर्टात तिच्या विरुद्ध वापरतात की बघा आधी हिने वेगळं सांगितलं होतं. लैंगिक अत्याचारांच्या केसमध्ये तर हे फार क्रूर होतं. नादिया मुराद ही इराकमधल्या यझिदी ह्या अल्पसंख्याक समाजातली मुलगी, इसिसच्या कैदेतून सुटलेली, २०१८ ची शांततेची नोबेल विजेती, तिच्या नावाने २०२२ मध्ये एक आचारसंहिता आली, तिचं सार इतकंच की आधी तिचं नुकसान करू नका, पुरावा नंतर. एकदाच नीट, प्रशिक्षित माणसाने, शक्यतो रेकॉर्ड करून, तिला हवं तेव्हा थांबता येईल असा जबाब घ्यायचा आणि तोच सगळ्यांनी वापरायचा. युक्रेनच्या प्रॉसिक्युटर जनरलच्या ऑफिसने सप्टेंबर २०२२ मध्ये ह्याच गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग केला. ठाण्याच्या पातळीवर ह्याचा अर्थ इतका साधा असतो की दार बंद होईल अशी एक खोली पाहिजे आणि टेबलाच्या पलीकडे ऐकायची सवय असलेली व्यक्ती पाहिजे.

जबाब घेण्याचं शिक्षण संशयितांसाठीपण तितकंच लागतं. जुन्या मिलित्सियाची पद्धत कबुलीवर चालायची, आणि कबुली कशी मिळवतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको, म्हणून तर आपल्या पुरावा कायद्यात पोलिसापुढची कबुली ग्राह्य धरत नाहीत. युद्धात पकडलेला शत्रूचा सैनिक समोर बसलाय, त्याच्या तुकडीने तुमच्या शेजाऱ्याला मारलंय, आणि तुम्ही त्याच्याशी सभ्यपणे, वकील देऊन, पाणी देऊन बोलायचं. कायद्याने तर हेच करायचंय, पण व्यवहाराचं कारणही आहे, मारून घेतलेलं वाक्य कोर्टात टिकत नाही आणि ते खरं असेल याचीही खात्री नसते. २०२२ च्या हल्ल्यानंतरचा युक्रेनमधला पहिला युद्धगुन्ह्याचा खटला मे २०२२ मध्ये झाला, एका २१ वर्षांच्या रशियन सैनिकाने ६२ वर्षांच्या नि:शस्त्र माणसाला मारल्याचा. त्याने गुन्हा कबूल केला, जन्मठेप झाली आणि जुलैमध्ये अपिलात ती १५ वर्षांवर आली. तिथे दुभाषी होता, वकील होता, अपील होतं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

ही केस तशी सोपी होती, आरोपी हातात होता. बहुतेक वेळा तो सीमेपलीकडे असतो, नावही माहीत नसतं. मग तपास उलट्या बाजूने करावा लागतो, आधी तुकडी, मग कमांडर, मग माणूस. बुचात न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी महिनोन्महिने काम करून रशियाच्या २३४ व्या पॅराट्रूपर रेजिमेंटचं नाव याब्लुन्स्का रस्त्यावरच्या हत्यांशी जोडलं, आणि त्यात एक धागा असा होता की सैनिकांनी मारलेल्या लोकांचेच फोन वापरून घरी रशियात कॉल केले होते. कॉल रेकॉर्ड राहिलं, नंबर राहिले, सोशल मीडियावर त्या नंबरांची माणसं राहिली. आपल्याकडे सीडीआर, म्हणजे फोनच्या कॉलची नोंद, काढणं हे आता कुठल्याही ठाण्यातल्या हवालदारालाही माहिती आहे, तेच कौशल्य, फक्त इथे त्याला लष्कराची रचना कळली पाहिजे, वाहनावरची खूण कोणत्या तुकडीची, कोणाचा हुकूम कोणावर चालतो. कारण कायदा गोळी घालणाऱ्यावर थांबत नाही, ज्या कमांडरला माहिती होतं किंवा माहिती असायला हवं होतं आणि त्याने थांबवलं नाही तोही जबाबदार, आणि हे सिद्ध करायला पंचनाम्याच्या पलीकडचे कागद लागतात.

डीएनएबद्दल थोडं. ५ ऑक्टोबर २०२३ ला खारकीव्ह प्रांतात ह्रोझा नावाच्या खेड्यात एका दफनविधीनंतर लोक जेवायला कॅफेत जमले होते, त्यावर क्षेपणास्त्र पडलं आणि ५९ जण गेले. तीनशेच्या आसपास वस्तीचं गाव, म्हणजे घरोघरी कोणीतरी. बऱ्याच जणांचे अवशेषच उरले होते, मग पोलिसांच्या फिरत्या डीएनए लॅबने नातेवाइकांच्या तोंडातले नमुने घेऊन एकेकाची ओळख पटवली. हे तंत्र कोर्टासाठी आहेच, पण घरच्यांना आपला माणूस कोणता हे कळणं हा हक्क स्वतःच एक मानवी हक्क आहे, खटला कधी उभा राहो न राहो.

पोलिसांचा स्वतःचा जीव हाही क्षमतेचाच भाग आहे. ७ ऑगस्ट २०२३ ला पोक्रोव्स्क शहरात एक क्षेपणास्त्र पडलं, पोलीस आणि बचावाचे लोक धावले आणि साधारण चाळीस मिनिटांत दुसरं त्याच जागी पडलं, डझनावारी पोलीस जखमी झाले. त्यामुळे घटनास्थळी किती माणसं एकदम न्यायची, गाड्या कुठे लावायच्या, किती वेळ थांबायचं, हेही शिकवावं लागतं. आणि जो माणूस रोज हे बघतो त्याच्या मनाचं काय, त्याला सुट्टी, समुपदेशन, बोलायला कोणी, ह्यावर पैसे खर्च करताना सगळीकडेच हात आखडतो, हे चूक आहे.

सगळ्यात अवघड भाग मी मुद्दाम मागे ठेवला. आपल्याच बाजूने केलेले गुन्हे. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी युक्रेनच्या ताब्यातल्या रशियन कैद्यांना झालेली मारहाण आणि छळही नोंदवलाय. रशियाच्या ताब्यातल्या युक्रेनियन कैद्यांबद्दलच्या नोंदी कितीतरी जास्त आणि भीषण आहेत, दोन्ही एका मापाचे अजिबात नाहीत, पण म्हणून पहिल्याचा तपास टळत नाही. युक्रेनमध्ये लष्कर आणि पोलीस यांच्या गुन्ह्यांसाठी राज्य तपास ब्युरो म्हणून वेगळी यंत्रणा २०१८ पासून आहे, म्हणजे पोलिसाने पोलिसाचा तपास करायचा नाही, हे तत्त्व चांगलं. दुसरीकडे १ जानेवारी २०२५ पासून युक्रेन हेगच्या न्यायालयाचा पूर्ण सदस्य झाला, पण सदस्य होताना स्वतःच्या नागरिकांच्या युद्धगुन्ह्यांबद्दल सात वर्षांची सवलत मागून घेतली. लढणाऱ्या देशाची अडचण मी समजू शकतो, तरी मला ते बरोबर वाटत नाही. भारत तर ज्या करारावर ते न्यायालय उभं आहे त्याचा सदस्यच नाही, त्यामुळे हे लिहिताना बोट एकट्या युक्रेनकडे दाखवण्याचा माझा हेतू नाही.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं झालंय आणि सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जायचंय, हा दुसरा भाग लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. शांततेच्या काळात ही सवय लागली तरच संकटात ती टिकते, कारण धावपळीत माणूस नवीन काही शिकत नाही, हाताला जे वळण आहे तेच करतो.

आणि ह्या सगळ्याला वेळ किती लागतो? बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात जुलै १९९५ मध्ये आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्याच महिन्यात झ्याँ-रने रुएझ नावाचा एक फ्रेंच पोलीस अधिकारी तुझ्ला शहरात पळून आलेल्या लोकांचे जबाब घ्यायला बसला, तो पुढे काही वर्षं त्या तपासाचा प्रमुख होता. मारेकऱ्यांनी पुरावा लपवायला बुलडोझरने थडगी उकरून मृतदेह दुसरीकडे नेऊन पुरले, एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी सापडली. तपास करणाऱ्यांनी मग मातीचे नमुने जुळवले, काडतुसं जुळवली, डोळ्याला बांधलेल्या फडक्यांचं कापड जुळवलं. कोझ्लुक नावाच्या ठिकाणी बाटल्यांच्या कारखान्याजवळ पहिलं थडगं होतं, तिथल्या हिरव्या काचा आणि बाटल्यांची लेबलं दूरच्या दुसऱ्या थडग्यात मिळाली. काही मृतांच्या मनगटावर वार-तारीख दाखवणारी सेको घड्याळं होती, हाताच्या हालचालीवर चालणारी, हात थांबला की एक-दोन दिवसांत बंद पडणारी, आणि ती जुलैच्या मधल्या तारखांवर थांबली होती. मारणाऱ्या बोस्नियन सर्ब सैन्याचा प्रमुख जनरल म्लादिच २०११ मध्ये पकडला गेला, २०१७ मध्ये दोषी ठरला, ८ जून २०२१ ला अपील फेटाळलं. सव्वीस वर्षं. घड्याळ काढून, वार-तारीख लिहून, पाकीट सील करून त्यावर सही करणारी माणसं तेव्हा निकालाचा विचार करत नसतील, पण त्या सह्या शेवटपर्यंत कामाला आल्या.

खारकीव्हमध्ये एका मोकळ्या आवारात शहरावर पडलेल्या रॉकेटांचे सांगाडे ठेवलेत, हजाराच्या वर, प्रकारांप्रमाणे रांगा लावून. लोक त्याला रॉकेटांचं स्मशान म्हणतात. प्रॉसिक्युटरच्या हिशोबात तो मुद्देमाल आहे, आणि उघड्यावर पाऊस-बर्फ खात तो खटल्याची वाट बघतोय.